वीजवंतीचा डावा हात

श्रावणातल्या सत्यनारायणाच्या पूजेत, आरती झाल्यावर, सात वर्षांच्या अपूर्वाने प्रसादासाठी डावा हात पुढे केला आणि भिंगारच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये एकदम शांतता पसरली. इतकी, की शेजारच्या कुकरची शिट्टीही अर्धीच वाजली.

"उजवा," सुकन्याबाई म्हणाल्या.

अपूर्वाने उजवाही पुढे केला, पण डाव्याच्या खाली, आधाराला. शिरा घेणार तो डावाच. पौरोहित्याच्या कित्येक पिढ्या झालेल्या त्या घराण्यात हा तोडगा आजवर कुणाला सुचला नव्हता.

सुकन्याबाई म्हणजे नीलांबरीच्या सासूबाई. बाई वाईट अजिबात नाही. मोबाईलवरून पैसे पाठवतात, सुनेने जीन्स घातली तर "बेल्ट लाव, सैल होतेय" म्हणतात, आणि चारचौघांत सुनेची बाजू घेऊन मुलाला गप्प बसवतात. पण प्रत्येक माणसाचा पुरोगामीपणा कुठे ना कुठे तरी थांबतो. त्यांचा मनगटाशी थांबत असे.

"आजी, वीजवंतीपण डावरीच होती," अपूर्वा म्हणाली. "ती डाव्या हाताने जीप थांबवायची. आईने सांगितलंय."

सगळ्यांच्या नजरा नीलांबरीकडे वळल्या. तिच्या हातात शिऱ्याचा डाव होता. अर्थातच डाव्या.

"कोण ही वीजवंती?"

"पिक्चर होता," नीलांबरी म्हणाली. "लहानपणी बघितलेला."

"उजव्या!" कोपऱ्यातून आवाज आला. शेजारचे राधाकृष्णकाका तिसऱ्यांदा प्रसाद घेत होते. काका म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. "मी पाहिलाय तो. नगरला, थेटरात, चौथ्या रांगेत बसून. जीप उजव्या हाताने थांबवते. वहिनी, हात बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. मला हात शिकवू नका."

"डाव्या, काका."

"उजव्या."

"तिचं काय ऐकताय?" हे नीलांबरीचे यजमान, शामकांत. ते लष्कराच्या एका ऑफिसात मुलकी कारकून होते आणि कुठल्याही वादात लांबून, सुरक्षित अंतरावरून भाग घेत. "हिच्या आठवणीत ती वीजवंती गुजरातीसुद्धा आहे."

"होतीच! नऊवारीचा पदर उजव्या खांद्यावर घ्यायची."

"आणि खलनायक फॉरेनर."

"त्याच्या जीपचं स्टेअरिंग डावीकडे होतं. तो काय जामखेडचा असेल?"

"आणि पाट्या?"

"पाट्या कुठल्या तरी परदेशी भाषेत होत्या," नीलांबरी ठामपणे म्हणाली. "मला तेव्हा वाचता येत होतं. पण एक अक्षर लागलं नाही."

आता हे सगळं ऐकून कुणालाही शंका यायला हवी होती. पण श्रावणातला शिरा, त्यात केळं, त्यावर तूप. शंका घ्यायच्या अवस्थेत कुणी नव्हतं.

सुकन्याबाईंनी पळी खाली ठेवली. "सूनबाई, वाद नको. दाखव मला तो पिक्चर. डाव्या हाताने थांबवत असेल, तर या पोरीच्या हाताबद्दल मी पुन्हा शब्द काढणार नाही. उजव्या हाताने असेल, तर दसऱ्यापासून हिला उजव्या हाताने जेवायला-लिहायला मी शिकवणार आणि तू मध्ये पडायचं नाहीस."

"कबूल," नीलांबरी म्हणाली, आणि पाटावर हात आपटला. कुठला ते सांगायला नको.

कबूल म्हणण्यामागे कारण होतं. नीलांबरीचे वडील शिक्षक. त्यांनी तिच्या डाव्या हाताला शाळेतून आल्यावर रुमाल बांधायला सुरुवात केली होती, म्हणजे हाताला आपली जागा कळावी. रोज संध्याकाळी तो हात मांडीवर असा पडलेला, जणू ताप आलाय. मग ती सुट्टीत कर्जतजवळ मामाच्या गावाला गेली. तिथल्या जत्रेत तंबूचं सिनेमा थेटर आलं होतं आणि त्यात होती 'वीजवंती'.

आता वीजवंती कोण, हे सांगणं आलं. ती गावात पिठाची गिरणी चालवायची. विहिरीवर पाणी शेंदताना अंगावर वीज पडली आणि ती वीज अंगातच राहिली. निळी नऊवारी, पायांत गमबूट, कमरेला चंदेरी पट्टा. ती हाताने विहिरीची मोटर चालू करायची, बंद पडलेली एसटी ढकलायची, आणि खलनायकाची जीप बंपरला हात लावून जागच्या जागी थांबवायची. चाकं फिरताहेत, माती उडतेय, आणि ही दुसऱ्या हाताने केस सावरतेय. लोडशेडिंगमध्ये अख्ख्या तालुक्यात फक्त हिचीच गिरणी चालायची, तरी गावात कुणाला संशय यायचा नाही. ही त्या सिनेमातली सर्वांत मोठी अद्भुत शक्ती.

सुट्टीवरून आल्यावर नीलांबरीने रुमाल सोडला. वडिलांनी कारण विचारलं. ती म्हणाली, "उद्या जीप थांबवायची वेळ आली तर?" गावात जीप नव्हती. पण वडील शिक्षक असले तरी विचारी होते. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला तो ठेवलाच. आज नीलांबरी पतसंस्थेत डाव्या हाताने शिक्के मारते आणि तिच्या काउंटरची रांग सगळ्यात आधी संपते. एवढं सगळं एका गिरणीवालीच्या जिवावर. तिचा हात डावा नव्हता, असं कुणी म्हटलं की नीलांबरीला आपल्या जन्मतारखेवर कुणी शंका घेतल्यासारखं व्हायचं.

शोध सुरू झाला. इंटरनेटवर 'वीजवंती' टाकलं तर वीजबिल भरायची पानं आली. शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारलं तर दोन दिवस नुसता पूर लोटला. एकजात सगळ्या म्हणाल्या, डावा. एकजात सगळ्यांचे नवरे म्हणाले, उजवा. नवऱ्यांना काही आठवत नसतं, या जगन्मान्य सिद्धांताला त्यामुळे बळकटीच आली. एकीने तर त्या रात्री पिठलं केलं ते फक्त स्वतःपुरतं.

शेवटी मामाच्या गावी दगडाबाईला फोन लागला. दगडाबाई म्हणजे मामाची शेजारीण. जन्मभर ऊसतोडीला गेलेली, आता सुना जातात आणि ही गावात बसून सगळ्यांना नावं ठेवते. त्या जत्रेत छोट्या नीलांबरीचं बोट धरून तंबूत नेणारी हीच.

"वीजवंती? आगं, ती तर डावरीच!" दगडाबाई फोनमध्ये ओरडली. "म्या पुढच्या हंगामाला कोयता डाव्या हातात धरून बघितला. पायावरच आला माझ्या. पन बाई लई भारी हुती. त्या गोरक्षनाथाला इचार. त्याचाच तंबू. आता कर्जतला मांडववाला झालाय."

झालं. पुढच्या रविवारी नीलांबरी आणि शामकांत कर्जतला. शामकांत येणार नव्हते, पण सुकन्याबाई म्हणाल्या, "जा बरोबर. उद्या कुणी म्हणायला नको, बरोबर पंच नव्हता."

गोरक्षनाथ पांढऱ्या सफारीत, मांडवाच्या कापडांच्या ढिगावर सिंहासनावर बसावा तसा बसला होता. वीजवंतीचं नाव काढताच तो उठून उभा राहिला.

"ताई, या भागातल्या कितीक वाड्यांवर वीज यायच्या आधी वीजवंती आलीय. माझ्या मशीनवर. लोक बैलगाड्या जुंपून यायचे. आज लग्नात एवढा मोठा एलईडी लावतो, पन नवरी-नवरा सोडून कोन बघत न्हाई. तवा म्हशीसुदिक पडद्याकडं तोंड करून बसायच्या."

"रिळं आहेत का?"

"हायेत की. शिंगणापूरला. सासुरवाडीत."

"शनिशिंगणापूरला? का?"

"तिथं दारंच न्हाईत ना," गोरक्षनाथ सहज म्हणाला. "चोरीचं भ्याव न्हाई."

हे ऐकून शामकांत प्रभावित झाले. सरकारी नोकरीत इतकी साधी सुरक्षा-व्यवस्था त्यांनी पाहिली नव्हती.

गोरक्षनाथाच्या टेम्पोतून तिघं शिंगणापूरला गेली. घराला चौकट होती, दार नव्हतं. आत पडदा, पडद्याआड ट्रंक. आणि ट्रंकेला, पितळी, मुठीएवढं, कुलूप.

"दारं नसलेल्या गावात कुलूप?" नीलांबरी म्हणाली.

"ह्ये गाव माझ्या बायकोचं. म्या कर्जतचा," गोरक्षनाथ म्हणाला. "सवय हुती." मग खिसे चाचपत पुढचं वाक्य त्याने हळू आवाजात सांगितलं. "किल्ली हरवलीय."

"कुलूपवाल्याला बोलवा."

घरातली सगळी माणसं नीलांबरीकडे बघत राहिली. गोरक्षनाथाची सासू म्हणाली, "बाई, ह्या गावात कुलूपवाला कशाच्या जिवावर पोट भरंल?"

"मग दगडाने तोडूया."

"हितं न्हाई," सासू म्हणाली.

"अहो, तुमच्याच जावयाची ट्रंक आहे."

"ते तुमाला-आमाला ठावं. देवाला वरनं काय दिसनार? कुलूप फोडत्यात, येवढंच."

शामकांतना हे एकदम पटलं. आयुष्यात त्यांनी साधी रांगही कधी मोडली नव्हती. "बरोबर आहे," ते म्हणाले. "हद्दीबाहेर नेऊन तोडू. ज्युरिसडिक्शनचा प्रश्न येणार नाही."

तर तिघांनी ट्रंक उचलून टेम्पोत टाकली, वेशीबाहेर आणली, रस्त्याच्या कडेला उतरवली, आणि गोरक्षनाथाने दगड घेऊन कुलपावर घाव घालायला सुरुवात केली. नीलांबरीने ट्रंक धरली होती. शामकांत दोन्ही बाजूंना बघत उभे होते. ते फक्त वाहनं येताहेत का ते बघत होते. पण ज्या गावात चोरी होत नाही म्हणतात, त्या गावाच्या वेशीबाहेर एक सफारीवाला, एक बाई आणि दोन्ही बाजूंना बघणारा एक घाबरलेला माणूस ट्रंक फोडताना दिसले, तर लोकांनी काय समजावं?

दर्शनाला निघालेली एक बस थांबली. मग दुसरी. मग तीन जीपगाड्या. पण कुणी पकडायला पुढे येईना. सगळे फक्त गोल करून उभे राहिले, मोबाईल बाहेर काढून, अत्यंत श्रद्धेने. कारण इथे चोरी केली की माणूस वेशीबाहेर पाऊल टाकताच आंधळा होतो, असं त्यांनी ऐकलेलं होतं आणि प्रत्यक्ष बघायची संधी परत कधी येणार?

"झाले का?" मागून एका आजोबांनी विचारलं.

"अजून न्हाई. त्यो चष्म्यावाला जरा चाचपडतोय बगा."

शामकांत खरंच चाचपडत होते. ओळखपत्र शोधत होते. "मी सरकारी कर्मचारी आहे!" ते ओरडले. त्यामुळे लोकांचा संशय पूर्ण फिटला.

ट्रंक उघडली आणि आतून सोनं-नाणं न निघता गंजलेले गोल डबे निघाले. गर्दी निराश होऊन पांगली. पण व्हिडिओ पांगला नाही. सोमवारी ऑफिसात साहेबांनी शामकांतला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तीन बोटं डोळ्यांसमोर धरून विचारलं, "किती?"

डबे घरी उघडले. पाच रिळं होती, एक नव्हतं. चौथ्या डब्यात भलतीच फिल्म होती, कांदा चाळीत कसा साठवावा, यावरची माहितीपर.

"आमी चौथ्याच्या जागी कायम हीच लावली," गोरक्षनाथाने फोनवर सांगितलं. "कुनी तक्रार केली न्हाई."

नीलांबरी खुर्चीत बसली. खरंच की! वीजवंती मध्येच कांदे साठवायला शिकते, असं तिला पक्कं आठवत होतं. तिला वाटायचं, ही किती साधी राहिली! एवढी शक्ती असून घरचं काम सोडलं नाही.

आता राहिली परवानगी. क्वार्टरच्या मैदानावर नवरात्रात सातव्या माळेला पिक्चर दाखवायचा ठरलं. शामकांतनी अर्ज केला, थ्रू प्रॉपर चॅनेल. चॅनेलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या गृहस्थांनी चष्म्यावरून विचारलं,

"पिक्चरमध्ये स्फोटकं आहेत?"

"नाही साहेब. वीज आहे."

"वीज? मग विद्युत विभागाचं ना हरकत पत्र लागेल."

"अहो, वीज त्या बाईच्या अंगात आहे."

"मग बाईचं ना हरकत पत्र आणा."

कसं आणलं, ते शामकांत आजही सांगत नाहीत. एवढंच कळलं, की त्या कागदावर खाली 'सौ. वीजवंती यांच्याकरिता' अशी सही आहे आणि अक्षर डावखुऱ्या माणसाचं आहे.

सातव्या माळेला दिवेलागणीला गोरक्षनाथ मशीन घेऊन आला. आल्या आल्या त्याने मैदानाच्या बरोबर मध्यावर दोन बांबू रोवले आणि पांढरा पडदा ताणला.

"भिंतीला लावा की," राधाकृष्णकाका म्हणाले. "मध्ये कशाला?"

"पडदा मधीच असतो," गोरक्षनाथ म्हणाला, आणि सूर्य पूर्वेलाच का उगवतो, असं विचारणाऱ्याकडे बघावं तसं त्याने काकांकडे बघितलं.

दगडाबाई दुपारच्याच एसटीने आली होती, बरोबर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं. नीलांबरी वायरी, खुर्च्या आणि देवीच्या मांडवातला स्पीकर यांत गुंतली होती. त्यामुळे दगडाबाई शेंगा, गोणपाट आणि अपूर्वा यांना घेऊन कुठे गेली, ते तिने बघितलं नाही. शेंगा जिथे, तिथे अपूर्वा, हा घरातला नियमच होता.

सगळी वसाहत मशीनच्या बाजूला खुर्च्या टाकून बसली. पहिल्या रांगेत सुकन्याबाई, मांडीवर पर्स. शेजारी काका, हात चोळत. मशीन खरखरलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. वीजवंती.

नीलांबरीने ती सहज वाचली. तेव्हा तर वाचता आली नव्हती. ती स्वतःला म्हणाली, आता आपण मोठ्या झालोय, म्हणून असेल.

मग वीजवंती आली. तीच निळी नऊवारी, तेच गमबूट. इतकी वर्षं झाली, तरी ती आली तशी नीलांबरीच्या अंगावर काटा आला. चालण्यात तोच तोरा. विहिरीवर वीज पडली, बाई उभ्याच्या उभी राहिली, ओल्या केसांतून ठिणग्या झटकल्या आणि पहिलं काम काय केलं, तर घागर उचलली आणि पाणी घरी नेलं. मागच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पण पदर डाव्या खांद्यावर होता.

"गुजराती नाही दिसत," शामकांत कुजबुजले. जीप आली. स्टेअरिंग उजवीकडे होतं. गाडीवरच्या पाटीवर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, 'पाटलाचा नाद नाय'. खलनायक फॉरेनर नव्हता. बहुधा जामखेडचाच होता.

जीप सुसाट आली. वीजवंती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. हात वर केला, बंपरवर ठेवला. चाकं फिरली, माती उडाली, जीप थांबली.

उजव्या हाताने.

"उजवा!" राधाकृष्णकाका खुर्चीवर चढले. "उजवा, उजवा, उजवा! बघा वहिनी! ड्रॉइंग मास्तर आहे मी!"

सुकन्याबाईंनी फक्त पर्स उघडून एक स्वच्छ रुमाल काढला आणि त्याची घडी नीट केली. नीलांबरीने ती घडी ओळखली. माणूस इतक्या वर्षांनी वडिलांचा आवाज विसरेल, पण ती घडी नाही. तिला वाटलं, वीजवंतीवर रागवावं. पण रागावणार कसं? बाई तर अजून तशीच उभी होती, एका हाताने जीप धरून, दुसऱ्याने केस सावरत. चूक तिची नव्हतीच. आपणच तिला खोटी साक्षीदार करून आणली होती.

आणि तेवढ्यात, पडद्याच्या पलीकडून, शेंगांनी भरलेल्या तोंडाने आवाज आला.

"आई! डावा! बघ, डावाच आहे! मी सांगितलं होतं!"

नीलांबरी उठली. मैदानात चाळीस खुर्च्यांच्या समोरून वाकत जायचं असतं, हेही तिला सुचलं नाही. ती सरळ, ताठ, प्रकाशातून गेली. क्षणभर तिची सावली वीजवंतीच्या अंगावर पडली. ती पडद्याला वळसा घालून मागे गेली.

मागे गोणपाटावर दगडाबाई आणि अपूर्वा बसल्या होत्या, समोर टरफलांचा ढीग. तिकडे गोरक्षनाथाने जुन्या सवयीने रीळ मागे घेतलं. जीपचा सीन तो जत्रेत कायम दोनदा दाखवायचा. मागितला नाही तरी.

जीप परत आली. पण आता स्टेअरिंग डावीकडे होतं. पाटीवरची भाषा पृथ्वीवरची नव्हती. पदर उजव्या खांद्यावर. वीजवंतीने हात वर केला, बंपरवर ठेवला, आणि नीलांबरीच्या तोंडून इतक्या वर्षांनी तोच 'हा!' निघाला, जो तंबूत निघाला होता. डाव्या हाताने, अगदी डाव्या हाताने.

"दगडामावशी," ती म्हणाली, "आपण तेव्हा कुठे बसलो होतो?"

"हितंच की. पल्याड. बाप्ये मशीनीकडं, बाया पडद्याच्या मागं. कायमच." दगडाबाईने शेंग फोडली. "का गं? म्होरनं काय निराळं दिसतं का?"

नीलांबरी मटकन गोणपाटावर बसली. तिला हसू आलं आणि ते थांबेना. सगळ्या मैत्रिणी. सगळ्यांचे नवरे. आणि ते एकटीपुरतं केलेलं पिठलं.

एवढ्यात अख्खी पहिली रांग वळसा घालून मागे आली. सगळ्यात पुढे सुकन्याबाई.

"आई, मी हरले," नीलांबरी उठत म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. वीजवंतीसमोर तर नाहीच. "तिचा खरा हात उजवाच आहे. आम्ही मागे बसायचो, म्हणून आम्हाला उलटा दिसला."

"हेच म्हणतोय मी," काका म्हणाले. "ही उलटी बाजू!"

"उलटी?" गोरक्षनाथ मशीन सोडून धावत आला. त्याच्या सबंध कारकिर्दीवर कुणी थुंकावं तसा त्याचा चेहरा झाला होता. "गुरुजी, ह्या बाजूला दुप्पट पब्लिक असायचं! वन्समोअर हिकडनंच यायचा. उलटी म्हनं!"

सुकन्याबाईंनी दोघांनाही हाताने गप्प केलं. त्या दगडाबाईकडे वळल्या. "तुम्ही हा पिक्चर किती वेळा बघितला?"

"जितक्या जत्रा तितक्यांदा."

"आणि कायम इथूनच?"

"मंग? आमाला कोन म्होरं बसू देतंय?"

"कुणी सांगितलं नाही, की हे उलटं आहे?"

दगडाबाईने पडद्याकडे बघितलं, मग सुकन्याबाईंकडे. "आमची वीजवंती आमच्याकडं तोंड करूनच हुती, आक्का. उलटं आसंल तर तिकडच्यांचं."

सुकन्याबाईंनी नऊवारीचा ओचा सावरला, गोणपाटाचं टोक सरळ केलं आणि खाली बसल्या. "सरक गं जरा," त्या सुनेला म्हणाल्या. "आणि अहो मशीनवाले, पुढचं लावा."

पुढे कांदे आले. सुकन्याबाईंनी ते अत्यंत लक्ष देऊन बघितले आणि चाळीला खालून हवा हवी, या मुद्द्याला मान हलवली. हळूहळू समोरच्या बायका एकेक खुर्ची उचलून मागे आल्या. शेवटच्या रिळाला समोर फक्त पुरुषमंडळी होती आणि वीजवंतीने खलनायकाला गिरणीच्या पट्ट्यावर उलटा टांगला तेव्हा एवढ्या टाळ्या पडद्याच्या मागून आल्या, की समोरच्यांना वाटलं, पिक्चरमधल्याच आहेत.

पिक्चर संपला. मांडवात देवीची आरती झाली. सुकन्याबाईंनी प्रसादाचं ताट हातात घेतलं आणि मुलं रांगेत उभी राहिली.

अपूर्वाचा नंबर आला. एरवी तोंड चालूच असणारी ती पोर गप्प होती. आई 'हरले' म्हणाली, ते तिने ऐकलं होतं. तिने डावा हात पाठीमागे नेला, फ्रॉक मुठीत धरला आणि उजवा पुढे केला. त्याला या कामाची सवय नव्हती.

नीलांबरीने मान फिरवली. बघवत नाही, अशा गोष्टी असतात.

"हा कुठला हात?" सुकन्याबाईंनी विचारलं.

"उजवा."

सुकन्याबाईंनी त्या हाताकडे बघितलं. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं, जो बरोबर त्याच्या समोर होता. "मी इथून बघतेय," त्या म्हणाल्या. "इथून तर तो माझ्या डावीकडे येतोय. दुसरा काढ."

अपूर्वाने डावा हात पाठीमागून हळूच बाहेर काढला.

"हां. हा आला उजवीकडे." आणि त्यांनी त्या हातावर साखरखोबऱ्याची वाटी उपडी केली. सगळी.

"अहो पण वहिनी," राधाकृष्णकाका न राहवून म्हणाले, "शास्त्राप्रमाणे उजवा म्हणजे..."

"भावजी, तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात?"

काकांनी आपल्या पायांकडे बघितलं. ते अपूर्वाच्या मागे उभे होते. मग ते रांगेतून बाहेर पडले, ताटाला वळसा घातला आणि सुकन्याबाईंच्या शेजारी येऊन, चष्मा पुसून, नीट बघितलं.